देवळालीच्या मास्तरांचा आकडा : ६१७४



या महिन्याचे सदर वाचायला घेण्याआधी एक कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. मुले आसपास असतील तर त्यांनाही बोलवा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर मात्र आज बाजूला ठेवा. आपल्याला फक्त वजाबाकी करायची आहे, तीही तिसरी-चौथीत शिकलेली हातच्याची वजाबाकी.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. म्हणजे २२२२ किंवा ७७७७ चालणार नाही, पण २२२३ चालेल. आता त्याच चार अंकांपासून होणारी सर्वांत मोठी संख्या लिहा. तिच्याखाली त्याच अंकांची सर्वांत लहान संख्या लिहा. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल, त्याच्या अंकांशी पुन्हा तेच करा. पुन्हा उत्तर, पुन्हा तेच.

मी ४८३१ घेतली :

८४३१ − १३४८ = ७०८३
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

चौथ्या ओळीत उत्तर बदलले नाही आणि यापुढे ते कधीच बदलणार नाही. आता तुमच्या कागदाकडे बघा. तुम्ही माझ्यापेक्षा वेगळी संख्या घेतली असेल, तुम्हाला दोन पायऱ्या लागल्या असतील किंवा सहा, पण तुम्हीही ६१७४ वरच येऊन थांबला असाल. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती या आकड्यावर येते.

एक काळजी घ्या. मध्येच एखादे उत्तर तीन अंकी आले तर पुढचे शून्य गाळू नका. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. ते ०९९९ असे लिहा आणि पुढे ९९९० मधून ०९९९ वजा करा. शून्य गाळले तर ९९९ मधून ९९९ जाऊन हाती काहीच उरणार नाही. वर्गात निम्मी मुले इथेच अडकतात.

हा आकडा परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात सापडलेला नाही. तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांना सापडला. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. जुन्या नाशकात, जिथे मी शिकवते, तिथून देवळाली कॅम्पला सिटी बस जाते. पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने हे नाव ऐकले नव्हते. खरे सांगायचे तर बी.एड. होईपर्यंत मीही नीट ऐकले नव्हते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई लहानपणीच गेली. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात आकडेमोड फार, त्यामुळे मुलाला आकड्यांची गोडी लागली. पुढे मुलाने ज्योतिष बाजूला ठेवले आणि आकडे तेवढे घेतले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. त्यापुढचे शिक्षण मात्र झाले नाही. १९३० मध्ये ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

शाळा सुटल्यावर ते आकड्यांशी खेळत बसत. कुठे गाडी बदलताना सुचले, कुठे रस्त्याने चालताना. डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनाच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १, ११, १११ यांचे वर्ग करून बघा : १, १२१, १२३२१. या त्यातल्याच. आपल्या गावाच्या नावाने त्यांनी ‘देवळाली संख्या’ही काढल्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या तयार होते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात. पण २० ही संख्या अशी कशातूनच तयार होत नाही, कोणतीही संख्या घेऊन बघा. अशा स्वतःच्या बळावर उभ्या असलेल्या संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले आणि देवळालीचे नावही दिले.

६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. पण आपल्याकडचे अनेक गणितज्ञ त्यांच्या कामाला हसत. हे काय गणित, ही तर पोरांची करमणूक, असा त्यांचा सूर असे. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, म्हणून कापरेकर स्वतःच छोट्या पुस्तिका छापून घेत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्याही केल्या. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. त्या वेळी मास्तरांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढी माहिती मी एका शनिवारी आठवीच्या वर्गात सांगितली आणि खेळ सुरू केला. मग काय, वर्गात नुसता कल्ला! कुणी घराचा नंबर घेतला, कुणी अब्बूंच्या रिक्षाचा. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आवाज आला, “टीचर, ७८६ घेऊ का?”

मी क्षणभर थबकले. आपल्या घरांत या आकड्याचे काय स्थान आहे ते तुम्हाला सांगायला नको. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज ७८६ होते. म्हणून पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, गाडीवर तो दिसतो. नोटा तर आपल्या नाशिक रोडलाच छापतात, पण ७८६ ने संपणारी नोट हाती आली की आपण ती खर्च करत नाही, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. मी म्हटले, घे. पुढे एक शून्य लाव, म्हणजे चार अंक होतील.

८७६० − ०६७८ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

तीनच पायऱ्या! वर्ग एका सुरात म्हणाला, “सुब्हानल्लाह!” मुलांचे चेहरे असे खुलले होते की मला गंमत वाटली आणि थोडी काळजीही. मी म्हटले, आता माझ्या स्कूटीचा नंबर घ्या, ५१०७.

७५१० − ०१५७ = ७३५३
७५३३ − ३३५७ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

त्यालाही तीनच पायऱ्या. वर्ग शांत झाला. मग तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे टीचर, हे सगळ्यांनाच होतं?” हो बेटा, सगळ्यांनाच होते. ७८६ बद्दल आपल्या मनात जी अदब आहे ती त्या नावामुळे आहे, आकड्यात काही साठवलेले नाही. बरकत देणारा अल्लाह आहे. आणि ६१७४ ची जी खुबी आहे ती कुणाच्या नशिबावर अवलंबून नाही. ती तुमच्या वहीत तुम्ही स्वतः तपासू शकता. ज्यांचा या आकड्याशी काहीच संबंध नाही त्यांच्याही वहीत तेच उत्तर येते. गणितात ‘मोठे लोक म्हणतात म्हणून’ काही मानायचे नसते, करून बघायचे असते.

आता त्या मुलीकडे येते, जिच्यासाठी खरे तर हे सगळे लिहायला बसले. तिचे नाव लिहीत नाही, तिने तशी अटच घातली आहे. अबोल मुलगी. उर्दूत उत्तम, मराठीत बरी, गणितात कायम काठावर. वजाबाकीत हातचा घेतला की कुणाकडून घेतला तेच ती विसरते. वहीत खाडाखोड इतकी की उत्तर शोधावे लागते. सहामाहीनंतरच्या पालक सभेत तिची अम्मी आली होती. प्रगतिपुस्तक बघून तिने एकच वाक्य म्हटले, “टीचर, हमारे खानदान में किसीको हिसाब आताच नै.” त्यात राग नव्हता. एखाद्या घरात सगळ्यांचेच केस कुरळे असतात, तसे तिने ते सांगून टाकले. आणि पुढे म्हणाली, दहावी झाली तरी पुरे, मग शिवणक्लास आहेच. मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती.

शिवणकामात वाईट काही नाही. ब्लाउज बेतायला माझ्यापेक्षा जास्त भूमिती लागते. पण ते तिला आवडते म्हणून नव्हते, गणित येत नाही म्हणून होते. हे दोन्ही एकच नाही.

तर त्या शनिवारनंतरच्या सोमवारी ही मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. हातात वही. हळूच म्हणाली, “टीचर, कापरेकर सर चुकले.” मी चकित झाले. तिने कापरेकरांचे जन्मवर्ष घेतले होते, १९०५. आणि तिला सातऐवजी नऊ पायऱ्या लागल्या होत्या! वहीत ओळीने उत्तरे लिहिली होती :

९३५१, ८१७२, ७४४३, ४९९६, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४

शेवट बरोबर होता. रोजच्या सवयीने मी वही तपासली असती तर शेवटचे उत्तर बघून बरोबरची खूण केली असती. पण पायऱ्या नऊ होत्या आणि नियम सातचा. एक तर मास्तर चुकले होते किंवा आठवीतली ही मुलगी.

मी तिला म्हटले, थांब, आपण ताळा करून बघू. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज कर. ती ९, १८ किंवा २७ आली पाहिजे, म्हणजे ९ च्या पाढ्यातली. ती बोटावर मोजत गेली. ९३५१ चे १८. ८१७२ चे १८. ७४४३ चे १८. ४९९६ चे... २८. ती थांबली. पुन्हा मोजले, पुन्हा २८. मग तिने आधीची वजाबाकी पुन्हा मांडली, ७४४३ − ३४४७. सुटे, दहा, शंभर सगळे बरोबर होते. शंभराच्या घरासाठी हजारातून हातचा घेतला होता, पण हजारातला एक कमी करायचा राहिला होता. ३९९६ च्या जागी ४९९६ झाले होते. तिची नेहमीचीच चूक, पण आज पहिल्यांदा ती तिची तिला सापडली होती.

मग तिच्या वहीत मला जे दिसले ते मी आधी कधी पाहिले नव्हते. तिची यादी पुन्हा वाचा. चौथ्या पायरीवर ३९९६ यायला हवे होते, तिथे ती चुकली. पण पुढच्या दोन पायऱ्या तिने बरोबर केल्या आणि सहाव्या पायरीवर तिच्या वहीत कोणता आकडा आला? तोच, ३९९६! दोन पायऱ्यांचा वळसा घेऊन ती पुन्हा सरळ रस्त्याला लागली होती. सात अधिक दोन, नऊ. हिशोब चोख होता.

मी तिला म्हटले, कापरेकर सर चुकले नाहीत. तूही फार चुकली नाहीस, एकाच पायरीवर चुकलीस. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

हे असे का होते, ते थोडे समजून घेऊ. अवघड नाही. सुरुवातीची ४८३१ घ्या. मोठ्या संख्येत ८ हजाराच्या घरात आहे आणि १ एककाच्या घरात. लहान संख्येत नेमके उलटे. त्यामुळे या दोन अंकांतला फरक, म्हणजे ७, वजाबाकीत ९९९ पटीने येतो : ६९९३. मधले ४ आणि ३ शतक आणि दशक या घरांत जागा बदलतात. त्यांच्यातला फरक, म्हणजे १, तो ९० पटीने येतो : ९०. दोन्हींची बेरीज ७०८३. आपले पहिले उत्तर तेच होते.

म्हणजे या वजाबाकीला तुमचे चार अंक कोणते याच्याशी देणेघेणे नाही. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोन अंकांतला फरक, एवढेच तिला लागते. ९६५२ घेतली तरी बाहेरचा फरक ७ आणि आतला १, म्हणून उत्तर पुन्हा ७०८३.

आता असे वेगवेगळे किती फरक असू शकतात? बाहेरचा फरक १ ते ९. आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, असे दोन प्रकार. बाहेरचा २ असेल तर तीन प्रकार. असे करत बाहेरचा ९ असेल तर दहा प्रकार. २ पासून १० पर्यंत बेरीज करा : ५४. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ८,९९१ आहेत. त्या सगळ्या पहिल्याच वजाबाकीत फक्त ५४ उत्तरांत येऊन जमतात. म्हणून ६१७४ चा नियम खरा आहे की नाही हे बघायला आठ-नऊ हजार गणिते करावी लागत नाहीत. ती ५४ उत्तरे तपासली की झाले. ते काम एका संध्याकाळी होते आणि त्याला हातच्याच्या वजाबाकीपलीकडे काही येण्याची गरज नाही.

आणि ९ चा ताळा? ९९९ ला ९ ने भाग जातो, ९० लाही जातो. म्हणून प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जाणारच. हातचा विसरला की चूक दहाची, शंभराची किंवा हजाराची होते. यांपैकी कशालाच ९ ने भाग जात नाही, म्हणून अशी चूक ताळ्यात लगेच उघडी पडते. ताळ्याला न सापडणारी चूक म्हणजे अंकांची अदलाबदल. ४१७६ च्या जागी ४१६७ लिहिले तर बेरीज तीच राहते. पण गंमत बघा, या खेळात पुढच्या पायरीला अंक नव्याने मांडायचेच असतात, त्यामुळे त्या चुकीने पुढे काहीच बिघडत नाही.

नवाचा हा ताळा फार जुना आहे. हिंदुस्थानच्या आणि अरबी गणिताच्या जुन्या ग्रंथांत तो सापडतो. हिंदुस्थानातले अंक आणि त्यांची रीत अरबी जगाला समजावून सांगणारे पुस्तक नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी लिहिले. त्यांच्याच नावाचा लॅटिनमध्ये अपभ्रंश होत ‘अल्गोरिदम’ हा शब्द झाला. अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या पायऱ्या, ठरलेल्या क्रमाने, उत्तर येईपर्यंत. देवळालीच्या मास्तरांची कृती म्हणजे नेमके हेच. आपल्या मुलांना अल्-ख्वारिझ्मींचे नाव आपण अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण त्या नावाचा हक्क वहीत पायऱ्या मांडल्यावर मिळतो, नुसते नाव घेऊन मिळत नाही.

जाता जाता ६१७४ ची आणखी एक खुबी सांगते. त्याच्या अंकांची बेरीज १८. आणि ६१७४ ला १८ ने भागले तर उत्तर येते ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले होते, हर्ष देणारी. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध आकडाही हर्षदच निघाला. शिवाय १८, १८ × १८ आणि १८ × १८ × १८ यांची बेरीज करून बघा : १८ + ३२४ + ५८३२. उत्तर मी लिहीत नाही.

पुन्हा त्या मुलीकडे. मी तिला ५४ उत्तरांचे काम दिले होते, सवडीने कर म्हणून. आठ दिवसांनी तिने एक मोठा कार्डशीट आणला. ५४ ओळी, प्रत्येक ओळीत ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या आणि प्रत्येक उत्तराखाली बारीक अक्षरात अंकांची बेरीज. पण बेरजेचे अक्षर तिचे नव्हते. मी विचारले. म्हणाली, “ते अम्मीने लिहिले. मी वजाबाकी करायची, ती ताळा करायची. इशाच्या नमाजनंतर रोज बसायचो. पाच ठिकाणी अम्मीने माझी चूक पकडली.”

ज्यांच्या खानदानात कुणालाच हिसाब येत नाही, ती ही अम्मी! मी तिला शाळेत बोलावून घेतले. गप्पांत कळले की गल्लीतल्या वीस बायकांची भिशी ती चालवते. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, कुणाला कोणत्या महिन्यात उचल, सगळे तोंडपाठ. इतक्या वर्षांत एका रुपयाचा घोळ नाही. मी म्हटले, मग हा हिसाब नाही तर काय आहे? ती ओढणी सावरत म्हणाली, “वो तो घर का काम है, टीचर.”

भगिनींनो, आपल्या घरांत गणित नाही असे नाही. आपण त्याला गणित म्हणत नाही, एवढेच. आणि मग मुलीला सांगतो की तुझ्या रक्तातच हिसाब नाही.

या प्रसंगाने माझीही एक सवय बदलली. इतकी वर्षे मी उत्तर चुकले की अख्ख्या उदाहरणावर लाल फुली मारत होते. आता फुली मारत नाही. पहिली चुकलेली पायरी कोणती ते मुलालाच शोधायला लावते आणि तिच्यापुढे छोटी खूण करायला सांगते. बहुतेक वेळा बाकीच्या सगळ्या पायऱ्या बरोबर असतात. पण अख्ख्या फुलीखाली त्या दिसतच नाहीत, मुलाला नाही आणि आपल्यालाही नाही. घरी तुम्हीही हे करून बघा. पेपर घरी आला की किती मार्क पडले हे आधी विचारू नका. कुठल्या पायरीवर चुकले ते विचारा. मूल खोटे बोलणार नाही, कारण या प्रश्नात लपवण्यासारखे काही नसते.

ती मुलगी आता गणितात पहिली आली, असे लिहिता आले असते तर लेख छान संपला असता. तसे झालेले नाही. मागच्या चाचणीत तिला वीसपैकी अकरा मिळाले. पण पेपरात एकाही वजाबाकीत खाडाखोड नव्हती आणि प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलने काही बारीक आकडे होते. ती आपला ताळा करत होती. त्या चाचणीत ताळ्याला वेगळे गुण नव्हते. तिचा कार्डशीट मी वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. वर कापरेकर सरांचे नाव आहे, खाली तिचे आणि तिच्या अम्मीचे.

पुढच्या महिन्यापर्यंत तुमच्यासाठी काम : हाच खेळ तीन अंकी संख्या घेऊन खेळा. तिथेही सगळ्या संख्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात. तो आकडा कोणता आणि तुम्हाला जास्तीत जास्त किती पायऱ्या लागल्या? मग दोन अंकी संख्या घेऊन बघा. तिथे वेगळेच काही घडते, ते काय ते मुलांनाच शोधू द्या. उत्तर पाठवाल तेव्हा सगळ्या पायऱ्या लिहून पाठवा. आणि वाटेत कुठे चुकला असाल तर ती पायरी खोडू नका, तशीच राहू द्या. मला तीच आधी वाचायची आहे.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.